पालकत्वाचे मुखत्यारपत्र

युद्ध संपल्यावर जो मुलूख मागे उरतो त्याची ओळख पटवणे इतिहासकाराला फारसे अवघड जात नाही. तेथे तहाची तारीख असते, सरहद्दीची नवी रेघ असते, आणि जेता कोण व जित कोण याचा निवाडा निदान कागदावर तरी झालेला असतो. भोपाळच्या रेल्वे स्थानकाच्या उत्तरेस जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड या वस्त्यांतून हिंडणाऱ्याच्या हाती मात्र यांपैकी काहीच लागत नाही. येथे कोणी कोणाविरुद्ध युद्ध पुकारले नव्हते आणि कोणी शरणचिठ्ठीही लिहून दिली नव्हती. तरीही ज्या मुलांविषयी मला लिहावयाचे आहे त्यांच्या घरांची अवस्था पाहता ‘युद्धोत्तर’ याहून समर्पक विशेषण मला सुचत नाही. या सादृश्याला रसायनशास्त्राचाही एक आधार आहे. येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सेव्हिन नावाचे कीटकनाशक तयार करण्यासाठी जे मिथाइल आयसोसायनेट साठवले जाई, ते ज्या फॉस्जीनपासून सिद्ध होत असे, ते फॉस्जीन पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर सोडले गेले होते, आणि त्या युद्धातील विषारी वायूंच्या बळींपैकी बहुसंख्य त्याच वायूचे होते. पिकांवरील किडीचा नाश करण्यासाठी मांडलेल्या कारखान्याची वंशावळ अशी रणभूमीपर्यंत जाऊन पोहोचते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतील द्रव उकळू लागला, आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन वायू थंड हवेच्या दडपणाखाली जमिनीलगत पसरत गेला, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मृतांची संख्या मात्र चाळीस वर्षे उलटल्यावरही वादाचीच राहिली आहे. आरंभी सरकारने २,२५९ हा आकडा दिला, पुढे राज्य सरकारच्या दप्तरी तो ३,७८७ झाला, नुकसानभरपाईच्या दाव्यांत पाच हजारांवर गेला, आणि पीडितांच्या संघटना तर याच्या कितीतरी पट सांगतात. या लेखापुरता मला त्यांतील एकही आकडा प्रमुख वाटत नाही. वायूच्या छायेत आलेल्या सुमारे ५,२०,००० लोकांपैकी दोन लाखांच्या आसपास पंधरा वर्षांखालील मुले होती आणि सुमारे तीन हजार स्त्रिया गर्भवती होत्या, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. कारण मेलेल्यांचा हिशेब कितीही वादग्रस्त असला तरी तो एका रात्रीत मिटला होता, आणि या दुसऱ्या यादीचा हिशेब त्या रात्री नुकता उघडला होता.

डॉ. दया वर्मा यांनी नऊ महिन्यांनंतर ३,२७० कुटुंबांची पाहणी केली व १९८७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या ८६५ स्त्रिया त्या रात्री गरोदर होत्या त्यांपैकी ४३ टक्के स्त्रियांच्या पोटी जिवंत मूल जन्मास आले नाही, आणि जी ४८६ बालके जिवंत जन्मली त्यांपैकी १४ टक्के बालके महिन्याच्या आत गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण तीन टक्क्यांपर्यंतच होते. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेल्या, मातीत अर्धवट पुरलेल्या एका अनाम बालकाच्या चेहऱ्याने हे शहर जगाच्या स्मृतीत कोरले गेले. ते छायाचित्र आवश्यकच होते. परंतु जगाने भोपाळच्या बालकाला एकदा मृत म्हणून ओळखल्यावर पुढे जिवंत राहिलेल्या, चालू न शकणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या बालकांकडे पाहण्याची त्याला फारशी सवड झाली नाही, असेही मला वाटते.

युद्धाने पोळलेल्या मुलांना साहाय्य करण्याची जी आधुनिक परंपरा आहे तिचा उगम १९१९ मध्ये सापडतो. महायुद्ध संपूनही जर्मनी व ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच होती, तेथील मुले उपासमारीने मरत होती, आणि त्यांची चित्रे छापलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गार चौकात वाटल्याबद्दल एग्लंटाइन जेब या बाईंना पकडून पाच पौंड दंड करण्यात आला. शत्रूचे मूल हे शत्रू नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांनी स्थापिलेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेतून पुढे बालहक्कांचा जो मसुदा निघाला तो राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये मान्य केला. मराठी वाचकाला तर यासाठी लंडनला जाण्याचेही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, म्हणजे मुख्यतः स्त्रिया व मुलांची, जी छावणी वसली होती, तिच्या आठवणी त्या भागातील वृद्धांकडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील. तेथे शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. आणि १९४८ च्या सुमारास ती मुले आपापल्या नव्या देशांकडे निघून गेली. या दोन्ही उदाहरणांत दाता बाहेरचा आहे, आणि संकटाला शेवट आहे. भोपाळात या दोहोंपैकी एकही गोष्ट खरी ठरली नाही.

बाहेरचे लोक आले नाहीत असे नव्हे, आणि त्यांत मराठी माणसांचा वाटा लहान नव्हता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी वायुग्रस्तांच्या फुप्फुसांचा अभ्यास अगदी आरंभीच हाती घेतला. पुढे गडचिरोलीतील कामामुळे सर्वांना परिचित झालेल्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. मीरा सद्गोपाल यांच्यासह वस्त्यांतील स्त्रियांची तपासणी केली आणि स्त्रीरोगांची जणू साथच पसरली असल्याचे १९८५ मध्येच लिहून ठेवले. सरकारी वैद्यक त्या वेळी डोळे आणि फुप्फुसे यांपलीकडे पाहावयास तयार नव्हते. ‘मेडिको फ्रेंड सर्कल’च्या वैद्यांनीही स्वतंत्र पाहणी केली. अनाथ झालेल्या मुलांसाठी शहरात बालग्राम उभे राहिले. परंतु साहाय्याचा पहिला पूर ओसरल्यावर, कोणत्याही पुराप्रमाणेच, मागे चिखल राहिला. आणि त्या चिखलात ज्यांना रोजच पाय रोवून उभे राहावयाचे होते ते स्थानिकच होते.

यानंतर जे घडले ते समजून घेण्यासाठी एका कायद्याकडे वळावे लागते. मार्च १९८५ मध्ये संसदेने वायुकांडाच्या दाव्यांसंबंधी एक कायदा संमत केला आणि सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा, लढवण्याचा व मिटवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. साध्या भाषेत, लाखो माणसांचे मुखत्यारपत्र त्यांची सही न घेताच सरकारच्या नावे झाले. त्यास जे तात्त्विक अधिष्ठान देण्यात आले ते असे की, जो स्वतःचे रक्षण करू शकत नाही त्याचा पालक राज्यसंस्था असते. आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८९ मध्ये हे अधिष्ठान मान्य केले. तत्पूर्वीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, या पालकाने आपल्या पाल्यांना न विचारता ४७ कोटी डॉलरांवर तडजोड करून टाकली होती. तिचा वाटणीचा हिशेब लागता लागता बहुसंख्य पीडितांच्या हाती प्रथम २५ हजार रुपये पडले आणि २००४ नंतर तेवढीच आणखी एक रक्कम. आयुष्यभराच्या खोकल्याचा हा मोबदला होय.

जन्मास न आलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न न्यायालयाला मात्र पडला होता, हे मान्य करणे न्याय्य ठरेल. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात असा आदेश आहे की, ज्यांच्यात अद्याप लक्षणे दिसत नाहीत अशा व्यक्ती आणि वायुग्रस्त मातांच्या पोटी पुढे जन्मणारी मुले मिळून सुमारे एक लाख जणांसाठी सामुदायिक वैद्यकीय विमा उतरवावा. एखाद्या न्यायपीठाने गर्भस्थ पिढीचा इतका स्पष्ट विचार करावा, ही आपल्या न्यायेतिहासातील दुर्मीळ गोष्ट आहे. पुढे काय झाले? एकतीस वर्षांनी, १४ मार्च २०२३ रोजी, वाढीव भरपाईची सरकारची याचिका फेटाळताना पाच न्यायाधीशांच्या पीठाने नमूद केले की विमा कधी उतरवलाच गेला नाही, आणि हा केंद्र सरकारचा घोर निष्काळजीपणा होय. निकाल देणाऱ्यांनी निकाल दिला, ज्यांनी अंमल करावयाचा त्यांनी फाइल बांधून ठेवली, आणि ज्या मुलांसाठी तो आदेश होता ती दरम्यान तिशीत पोहोचली. आपल्याकडील दफ्तरदारीचा मला अनुभव आहे. तरीही हे वाचून मी थोडा वेळ पान उलटले नाही.

आता या वस्त्यांतच राहून काम उभे करणाऱ्या स्त्रियांकडे वळू. भोपाळच्या राज्यावर १८१९ पासून १९२६ पर्यंत बहुतेक काळ बेगमांची सत्ता होती, आणि सुलतानजहाँ बेगम यांच्यासारख्या राज्यकर्तीने मुलींच्या शाळांपासून रुग्णालयांपर्यंत अनेक संस्थांना आश्रय दिला. परंतु दरबारातून होणारे दान आणि वस्तीतून उभे राहणारे कार्य यांचा पोत निराळा असतो. १९८५ नंतर सरकारने पीडित स्त्रियांसाठी जी कामशाळा काढली तिच्यात शंभराच्या आसपास बायकांना लेखनसामग्री बनवण्याचे शिक्षण मिळाले. त्यांतच रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोघी होत्या. एक मुसलमान, पडद्यात वाढलेली, दुसरी ब्राह्मण, एरवी त्यांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. शिक्षण झाले आणि काम संपले, असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा या बायकांनी संघटना काढली आणि १९८९ मध्ये मुलांना बरोबर घेऊन पायी दिल्लीकडे निघाल्या. साडेसातशे किलोमीटरचे अंतर त्या कसे चालल्या असतील याची कल्पना करावयाची असेल तर त्यांतील बहुतेकींची फुप्फुसे अधू होती एवढे लक्षात घ्यावे. २००२ मध्ये या दोघींनी सतीनाथ षडंगी या कार्यकर्त्यांसह दिल्लीत एकोणीस दिवसांचे उपोषण केले. कार्बाइड ज्या डाऊ कंपनीने विकत घेतली होती तिच्या दारी झाडू नेऊन ठेवण्याची कल्पनाही याच मंडळींची. त्या मोहिमेचे नावच ‘झाडू मारो डाऊ को’ असे होते.

त्याच काळात अब्दुल जब्बार यांच्या महिला उद्योग संघटनेच्या शनिवारच्या सभा शाहजहानी बागेत भरत, आणि तेथे घोष होई तो असा: ‘खैरात नहीं, रोज़गार चाहिए’. जब्बारभाई २०१९ मध्ये गेले. पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली. दान या शब्दाचा एवढा स्पष्ट तिटकारा असलेल्या शहरात मुलांसाठी धर्मादाय संस्था निघावी, आणि ती तो तिटकारा बाळगणाऱ्यांनीच काढावी, याची संगती मला प्रथम लागत नव्हती. ती लागली ती पैशाचा माग काढल्यावर. एप्रिल २००४ मध्ये रशीदा बी आणि चंपादेवी यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. रक्कम सव्वा लाख डॉलर. एका खोलीत राहणाऱ्या बायकांनी ती स्वतःच्या छपरासाठी खर्च केली असती तर कोणी बोट दाखवले नसते. त्यांनी तिच्यातून ‘चिंगारी’ हा न्यास स्थापन केला आणि २००६ च्या सुमारास मुलांसाठी पुनर्वसन केंद्र उघडले. चंपादेवींच्या घरातच ओठ दुभंगलेली नात जन्मली होती. रशीदा बींच्या कुटुंबातील सहा जण कर्करोगाने गेले होते. येथे दाता आणि याचक यांच्यामध्ये अंतरच नाही, आणि म्हणून या कामाला खैरात म्हणता येत नाही.

अशा केंद्रात दिवसभर काय चालते, याचे वर्णन कोठे फारसे वाचावयास मिळत नाही. कारण त्यात नाट्य नाही. सकाळी संस्थेच्या गाड्या गल्ल्यांतून मुलांना गोळा करीत येतात. हा वाहनाचा खर्चच सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक असतो, कारण जे मूल मान सावरू शकत नाही त्याला कडेवर घेऊन दोन वेळा रिक्षा बदलणे मजुरी करणाऱ्या आईला परवडत नाही, आणि गाडी गेली नाही तर उपचार कितीही मोफत असला तरी मूल घरीच राहते. आत व्यायामाच्या गाद्या, समांतर दांड्या, विशिष्ट आकाराच्या खुर्च्या आणि उभे राहण्याच्या चौकटी असतात. मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेल्या मुलाचा आजार बरा होत नाही. परंतु त्याचे स्नायू सतत ताठ राहिल्याने सांधे हळूहळू वाकड्या स्थितीतच घट्ट होतात, आणि ते रोज ताणून मोकळे केले नाहीत तर पाच वर्षांचे असताना जे मूल बसू शकत होते ते बारा वर्षांचे झाल्यावर निजूनच राहते. शिवाय तोवर त्याचे वजन आईला उचलण्यापलीकडचे झालेले असते. म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या श्रमांचे फळ पुष्कळदा काहीतरी नवे घडण्यात नसून काहीतरी वाईट न घडण्यात असते, आणि अशा फळाचे छायाचित्र देणगीदाराला पाठवता येत नाही. शेजारच्या खोलीत वाचाउपचार चालतात. ऐकू न येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्र वेळेवर न मिळाल्यास भाषा शिकण्याचे वय निसटून जाते. पलीकडे मतिमंद मुलांचे वर्ग असतात, ज्यांत बुटाची नाडी बांधणे हा सहा महिन्यांचाही अभ्यासक्रम असू शकतो. दुपारी जेवण मिळते, आणि ज्या घरांत दूध रोज येत नाही तेथील मुलाच्या स्नायूंसाठी ते जेवणही औषधच असते. चिंगारीत हजाराहून अधिक मुलांची नोंद आजवर झाली आहे.

आयांना ही कसरत शिकवून घरी पाठवणे हा या पद्धतीचा गाभा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. केंद्रातील अर्धा-पाऊण तास कितीही कौशल्याचा असला तरी उरलेले तेवीस तास आईचेच असतात. व्यायाम कळलेली आई मुलाला केवळ सांभाळत नाही. त्याच्या गुडघ्याचा कोन किती उघडला हे ती पाहू लागते, आणि तिच्या बोलण्यात एक प्रकारचा अधिकार येतो. वस्त्यांतील पुरुष मात्र या खोल्यांतून क्वचितच दिसतात. त्यास मजुरीची वेळ हे कारण सांगितले जाते, ते काही अंशी खरेही आहे.

बैरसिया मार्गावरील ‘संभावना’ या दवाखान्याचा उल्लेख केल्याखेरीज हे चित्र अपुरे राहील. षडंगींच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या मध्यास निघालेल्या या दवाखान्यात आधुनिक वैद्यकाच्या जोडीने आयुर्वेद, पंचकर्म व योग यांचा उपयोग होतो, आणि आवारात लावलेल्या वनस्पतींपासून औषधे तयार होतात. ब्रिटनमधील सामान्य वाचकांनी वृत्तपत्रातील आवाहन वाचून पाठवलेल्या लहान लहान देणग्यांवर तो उभा राहिला, आणि ‘भोपाळमध्ये मध्यरात्रीनंतरची पाच मिनिटे’ अशा आशयाच्या आपल्या पुस्तकाच्या मानधनातून दोमिनिक लापिएर यांनी तेथील स्त्रीरोग विभागास हातभार लावला.

एक आक्षेप मात्र टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या मुलांपैकी प्रत्येकाचे अपंगत्व वायूमुळेच आहे, हे सिद्ध करता येते काय? नाही. कुपोषण, प्रसूतीच्या वेळची हेळसांड, जवळच्या नात्यांतील विवाह ही कारणे याही वस्त्यांत आहेत. शिवाय येथे दोन संकटे एकमेकांत मिसळली आहेत: वायूचे आणि पाण्याचे. कारखान्याच्या आवारात व बाष्पीभवनाच्या तळ्यांत टाकलेली रासायनिक घाण झिरपून भूजलात गेली, ग्रीनपीसने १९९९ मध्ये तिचा पुरावा दिला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश काढावा लागला. त्यामुळे ती रात्र संपल्यावर तेथे राहावयास आलेली कुटुंबेही पीडितांत मोडतात. व्यक्तिशः सिद्धता नसली तरी समूहाचा पुरावा मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. वायुग्रस्तांच्या मुलग्यांची वाढ खुंटल्याचे २००३ मधील एका शोधनिबंधात दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की, त्या रात्री गर्भात असलेल्या पुरुषांत रोजगारास अडसर ठरणारे अपंगत्व व कर्करोग अधिक आहेत आणि शिक्षण कमी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या एका अभ्यासाचे कागद पीडितांच्या संघटनांनी माहितीच्या अधिकाराखाली मिळवले. त्यांनुसार वायुग्रस्त मातांच्या १,०४८ बालकांपैकी सुमारे ९ टक्क्यांत जन्मजात व्यंगे आढळली, आणि इतर मातांच्या १,२४७ बालकांत हे प्रमाण १.३ टक्के होते. परिषदेने तो अभ्यास सदोष ठरवून प्रसिद्ध केला नाही. तो सदोष असेलही. मग निर्दोष अभ्यास करण्यापासून कोणी अडवले होते, एवढेच विचारावेसे वाटते. सेवेला पुराव्याची गरज नसते, दारात आलेले मूल ती आत घेते. परंतु हक्काला पुरावा लागतो, आणि पुरावा गोळा करण्याचे साधन ज्याच्या हाती आहे त्यानेच ते बासनात बांधून ठेवले तर हक्काचा सारा भार सेवेच्या खांद्यावर येऊन पडतो. चिंगारीच्या खोल्यांत मला जे खटकते ते हे.

कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ च्या आरंभी बारा वाहनांतून पीथमपूरला नेऊन पुढे जाळण्यात आला, आणि हा प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटले. जमिनीत व पाण्यात मुरलेले विष मात्र अद्याप जेथल्या तेथे आहे. केंद्रांपुढील नवा प्रश्न त्याहून निराळा आहे. २००६ मध्ये आलेली पाच-सहा वर्षांची मुले आता पंचविशीकडे गेली आहेत, आणि बालकांसाठी उभारलेल्या संस्थेला प्रौढांची सोय करणे जड जाते. त्यांच्या आयांनी साठी गाठली आहे, आणि संस्थापिकाही वृद्ध झाल्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने तर अठरा वर्षे पूर्ण होताच आईचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वतःच्या मतिमंद किंवा मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेल्या मुलाच्या नावे बँकेत खाते चालवावयाचे अथवा एखाद्या कागदावर त्याच्या वतीने सही करावयाची झाल्यास तिला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक म्हणून नियुक्ती मागावी लागते. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज, अपंगत्वाचा दाखला व वास्तव्याचा पुरावा लागतो. बायकांना हे अर्ज भरता येत नाहीत, म्हणून संस्थांचे कार्यकर्ते ते भरून देतात. अर्ज पूर्ण नसल्यास परत येतो, आणि मग पुन्हा गाडी करून मुलाला घेऊन कलेक्टर कचेरीत जावे लागते.